१० टन प्लास्टिक, ३० हजार चपला आणि लामूचे सुतार

शाळेत हस्तकलेच्या तासाला ‘टाकाऊतून टिकाऊ’ न केलेला मराठी माणूस विरळाच. बाटलीची फुलदाणी, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, जुन्या सीडींचं तोरण. प्रदर्शन आटोपलं की यातलं बरंचसं पुन्हा कचऱ्यातच जातं, कारण टिकून दाखवायची वेळ त्या वस्तूंवर कधी येतच नाही. दोन दिवस टेबलावर उभं राहायचं, एवढीच त्यांची परीक्षा. सार्वजनिक ठिकाणी उभी राहणारी भंगाराची मोठमोठी शिल्पंही अनेकदा याच जातीची असतात. उद्घाटनाला फोटो निघतात आणि पुढच्या पावसाळ्यात त्यांचा पुन्हा सांगाडा होतो.

म्हणून केनियातल्या लामू बेटावर २०१८ मध्ये पूर्ण झालेलं एक काम मला नीट मांडावंसं वाटतं. किनाऱ्यावरून आणि गावांतून गोळा केलेल्या प्लास्टिकची, सुमारे ९ मीटर लांबीची, शिडावर चालणारी नाव. वजन ७ टनांच्या घरात. बाहेरून ३० हजार टाकून दिलेल्या रबरी चपलांच्या तुकड्यांनी मढवलेली. नाव ‘फ्लिपफ्लॉपी’. तिला शिल्प म्हणायचं की गलबत, यावर वाद घालता येईल. माझ्या मते ती दोन्ही आहे. अनेक हातांनी मिळून केलेली ती मोठी रंगीत कलाकृती आहेच, शिवाय तिला समुद्रात सोडल्यावर तरंगायचं होतं, वारा पकडायचा होता आणि माणसं घेऊन ५०० किलोमीटर जायचं होतं. या अटीमुळे त्या कामात किती फरक पडला, ते पाहण्यासाठी हा सगळा खटाटोप.

बेट आणि तिथले सुतार

लामू केनियाच्या उत्तर किनाऱ्याला लागून आहे. तिथलं जुनं शहर हे पूर्व आफ्रिकेतलं सर्वांत जुनं आणि सर्वांत चांगलं जपलेलं स्वाहिली गाव मानलं जातं. २००१ मध्ये युनेस्कोनं त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. घरं प्रवाळाच्या दगडाची आणि खारफुटीच्या वाशांची, गल्ल्या इतक्या अरुंद की मोटारीचा प्रश्नच येत नाही, ओझं वाहायला गाढवं. बेटाबाहेर कुठंही जायचं तर पाण्यातूनच. त्यामुळे होड्या बांधणारे सुतार इथं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बेटावरचं मातोंदोनी हे गाव तर त्यासाठीच ओळखलं जातं.

कोकणातल्या माणसाला हे जग फार परकं वाटायला नको. हिवाळ्यात ईशान्येकडून वाहणाऱ्या ज्या वाऱ्यावर आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची गलबतं आफ्रिकेकडे जात, त्याला स्वाहिलीत कास्काझी म्हणतात. वारा दक्षिणेकडून फिरला, म्हणजे कुसी सुरू झाला, की ती परतीला लागत. शीड तेच तिरकं, तिकोनी. बांधणीची पद्धतही ओळखीची: कागदावर नकाशा नाही, मोजमाप नजरेत आणि हातात. कणा आधी घालायचा आणि पुढचं सगळं मुख्य सुतार डोळ्यानं जोखत नेणार.

या धंद्यापुढे गेल्या काही दशकांत जी संकटं उभी राहिली, तीही आपल्याला ठाऊक असलेलीच. चांगलं लाकूड मिळेनासं झालं. केनियातल्या एकूण खारफुटीपैकी ६० टक्क्यांहून अधिक एकट्या लामू परगण्यात आहे, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सरकारनं सार्वजनिक जंगलांतल्या तोडीवर बंदी घातली. खारफुटीही तिच्यात आली. जंगलासाठी हे गरजेचं होतं, पण सुताराच्या हाताला काम काय, हा प्रश्न त्यानं आणखी टोकदार केला. दुसऱ्या बाजूनं फायबरच्या होड्या येत होत्या. आणि ज्या वाळूवर होड्या बांधायच्या, त्याच वाळूवर दर भरतीला प्लास्टिक येऊन पडत होतं.

पहिला निर्णय

कल्पना २०१६ सालची. बेन मॉरिसन हे केनियात वाढलेले, पर्यटनाच्या व्यवसायातले गृहस्थ. लहानपणापासूनच्या ओळखीच्या किनाऱ्यांवर प्लास्टिकचा खच पाहून त्यांनी ठरवलं, की या प्लास्टिकचीच नाव बांधायची, आणि तीही याच किनाऱ्याच्या पारंपरिक घाटाची. केनियात तेव्हा या प्रश्नावर वातावरण तापत होतं. ऑगस्ट २०१७ मध्ये देशानं प्लास्टिकच्या पिशव्यांवर जी बंदी आणली, ती जगातल्या सर्वांत कडक बंद्यांपैकी एक होती. तिच्यात जबर दंड आणि ४ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

अशी कल्पना सुचणं काही फार अवघड नाही. ती घेऊन कोणाच्या दारी जायचं, इथं प्रकल्प घडतो किंवा बिघडतो. एखाद्या नामवंत शिल्पकाराला बोलावता आलं असतं, किंवा एखाद्या कारखान्याकडून साच्यात ओतलेली तयार होडी घेता आली असती. तसं झालं नाही. काम गेलं लामूच्या अली स्कंदा यांच्याकडे. स्कंदा नाव बांधणाऱ्या घराण्यातले. २०१४ मध्ये वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या लोकजीवन महोत्सवात केनियाचा विभाग होता, तिथं लामूची नावबांधणी लोकांसमोर करून दाखवणाऱ्यांत ते होते. म्हणजे परंपरेत मुरलेला आणि अनोळखी माणसांना आपली विद्या समजावून सांगायची सवय असलेला कारागीर. पुढे दिपेश पबारी यांनी प्रकल्पाचं नेतृत्व सांभाळलं, पण नावेचा आकार, तिचा बाक, तिची नाळ म्हणजे पुढचं टोक, हे सगळं ठरवणारी नजर सुताराची राहिली.

मला या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. पुनर्वापराच्या बहुतेक उपक्रमांत सुरुवात वस्तूपासून होते: बाटल्या पडल्यात, यांचं काय करता येईल? इथं सुरुवात हातापासून झाली. जे हात शतकानुशतकं एक गोष्ट उत्तम करत आले, त्यांच्यापुढे नवा माल ठेवला आणि विचारलं, याची करून दाखवाल? असा प्रश्न विचारल्यावर कारागीर नुसता मजूर राहत नाही, त्याची विद्या कामाला लागते.

दुसरा शहाणपणाचा निर्णय आकाराचा. मूळ बेत याच्या दुपटीहून मोठं जहाज बांधून आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत न्यायचा होता. पण लाकडाऐवजी प्लास्टिकच्या फळ्या वापरून कोणी असं जहाज बांधलेलं नव्हतं. म्हणून आधी धाकटी नाव बांधून शिकून घ्यायचं ठरलं. आपल्याकडे मंडळांत ‘सर्वांत मोठं’ करायच्या नादात हा टप्पा गाळला जातो.

माल हाती येतो तेव्हा

नावेसाठी १० टनांहून अधिक प्लास्टिक गोळा झालं. किनारा साफ करणारे गट, स्वयंसेवक, शाळांतली मुलं यांच्या हातून ते आलं. पण ‘प्लास्टिक’ हा एक पदार्थ नाही, आणि असं काम हाती घेणाऱ्या प्रत्येकाची इथंच पहिली गाठ पडते.

दुधाच्या कॅनचं, शाम्पूच्या जाड बाटलीचं, डब्याच्या झाकणाचं प्लास्टिक पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं. ते तरंगतं, आणि म्हणून किनाऱ्याला लागतं. पाण्याच्या पारदर्शक बाटलीचं प्लास्टिक पाण्याहून जड. बूच घट्ट असेल तोवर बाटली तरंगते, बूच गेलं की बुडते. नळाच्या पाइपाचं प्लास्टिक तिसऱ्याच जातीचं, आणि ते तापवलं की घशाला झोंबणारा विषारी, आम्लाचा वायू सोडतं. जाड बाटली १३० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, झाकण १६० च्या पुढे, पाण्याची बाटली अडीचशेच्या घरात. हे सगळं एकाच भट्टीत घातलं तर एकजीव होत नाही. एकाचे न वितळलेले खडे दुसऱ्याच्या लगद्यात राहतात, आणि फळी नेमकी तिथंच तुटते.

तेव्हा निवडणं हेच पहिलं आणि सर्वांत कंटाळवाणं काम. जात पाहायची, रंग पाहायचा, लेबल काढायचं, धुवायचं. वाळू राहिली तर पुढे सुताराच्या हत्याराची धार जाते. मग तुकडे, मग वितळवणं, मग दाबून जाड फळ्या आणि ओंडके. अशा सामूहिक कामांत कौतुक शेवटच्या रंगीत टप्प्याचं होतं, पण काम उभं राहतं ते निवडणाऱ्यांच्या जिवावर. नावेच्या तळाशी गेलेली फळी धड असेल तर ती कुणीतरी बादलीसमोर बसून नीट निवडल्यामुळे. आपल्या शहरांत हे ज्ञान कचरावेचक बायकांच्या बोटांत आहे. चुरगळल्याच्या आवाजावरून त्या प्लास्टिकची जात सांगतात. असा प्रकल्प इथं उभा राहायचा असेल तर त्यांना स्वयंसेवक म्हणून न बोलावता, पगारावर घेतलेल्या जाणकार म्हणून बोलवायला हवं.

वाकस प्लास्टिकवर पडते

लाकडी नाव बांधताना सुतार फासळ्यांसाठी मुळातच वाकलेलं लाकूड शोधतो. झाडाच्या फांदीनं वर्षानुवर्षं घेतलेला बाक तसाच नावेत बसतो, आणि रेषा अखंड राहिल्यामुळे ती फासळी तुटत नाही. प्लास्टिकच्या ओंडक्यात असा बाक आयता नसतो आणि लाकडासारखे तंतूही नसतात. बाक साच्यात घडवावा लागतो किंवा जाड ठोकळ्यातून तासून काढावा लागतो.

तासणं मात्र जमतं, आणि लामूच्या सुतारांनी ते आपल्या नेहमीच्या हत्यारांनी केलं. वाकस, रंधा, पटाशी, करवत. जाड प्लास्टिकवर रंधा मारला की लांबच लांब, चकचकीत, गुंडाळी होणारी साल निघते. लाकडाची ढलपी वाळूत पडली तर कुजते, चुलीत घातली तर जळते. ही साल वाळूत पडली तर तिथंच राहणार, वारा लागला की पाण्यात जाणार. म्हणजे ज्याच्या विरोधात नाव बांधायची, तेच कामाच्या जागेवर तयार होणार. यावर उपाय एकच: खाली कापड अंथरा, साल रोज गोळा करा, पुन्हा वितळवा. प्लास्टिकच्या फळीचा हा गुण लाकडात नाही. चुकलेला तुकडा वाया जात नाही, परत भट्टीत जातो.

आता अडचणींकडे येतो, कारण याच जागी कारागिराची विद्या कसाला लागते.

जाड बाटलीच्या जातीच्या प्लास्टिकचा ताठपणा सागाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो. त्याच जाडीची फळी घेतली तर ती लवणार, आणि सतत भार राहिला तर हळूहळू कायमची झुकणार. म्हणून सगळं जाड घ्यावं लागतं, आणि जाड घेतलं की वजन वाढतं. जेमतेम ९ मीटरची नाव ७ टनांपर्यंत जाते ती अशी.

मग ऊन. लाकूड उन्हानं लांबीत जवळजवळ वाढत नाही. या प्लास्टिकचा ९ मीटरचा सलग तुकडा २० अंशांनी तापला तर त्याची लांबी दोन-तीन सेंटिमीटरनं वाढू शकते. विषुववृत्ताजवळ दुपारी वरची बाजू उन्हात, खालची पाण्यात. जोड कसे ठेवायचे, खिळा कुठं मारायचा, त्याला हलायला जागा किती द्यायची, हे सगळं नव्यानं ठरवायचं. गोंदावर भरवसा नाही, कारण या प्लास्टिकला काहीच धड चिकटत नाही. म्हणून खिळे आणि बोल्ट.

आणि सर्वांत मोठा फरक पाण्याचा. लाकडी नाव पाण्यात सोडली की फळ्या फुगतात आणि सांधे आपसूक मिटतात. जुन्या सुतारांचा अर्धा भरवसा या फुगण्यावर असतो. प्लास्टिक पाणी पीत नाही. सांधा जेवढा हातानं मिटवला तेवढाच मिटलेला. उलट बाजूनं, लाकूड पोखरणारा समुद्री किडा प्लास्टिकला लागत नाही, आणि नाव दरवर्षी ओढून तळाला तेल-चुना लावायचा त्रासही टळतो.

या सगळ्याची गणितं पुस्तकात सापडतात. पण पुस्तकातलं गणित एका विशिष्ट फळीवर, एका विशिष्ट वळणावर कसं उतरवायचं ते स्कंदा आणि त्यांच्या साथीदारांनी हातांनी शोधलं. शतकानुशतकं लाकडावर घडलेली ही विद्या त्यांनी काही महिन्यांत दुसऱ्या पदार्थावर आणली. परंपरा म्हणजे जुनं तसंच्या तसं करत राहणं, असं मानणाऱ्यांनी हे आवर्जून पाहावं.

चपला

रबरी चप्पल हे गरिबाचं पायताण. पट्टा तुटला की बहुधा दुरुस्त होत नाही, कारण नवी घेणं परवडतं. पट्टा कुठंतरी जातो आणि तळ उरतो. फोमसारखा, हलका, महासागरावर महिनोन्‌महिने तरंगू शकणारा. तो कुठल्या देशात विकला गेला आणि कुठं येऊन लागला याचा काही मेळ नसतो. हिंदी महासागराच्या कुठल्याही किनाऱ्यावर भरतीच्या रेषेत चालत जा, निळा, गुलाबी, हिरवा तळवा सापडतोच. जवळून पाहिला तर अंगठ्याच्या जागी खळगा असतो, टाच एका बाजूनं झिजलेली, पट्ट्याची तीन भोकं ताणून लांबट झालेली. कुणाच्या तरी चालण्याची ती नोंद असते. डबा, पिशवी, दोरी यांत माणूस असा दिसत नाही.

चपलांपासून कलावस्तू करायची रीत केनियात आधीपासून होती. नैरोबीतली ‘ओशन सोल’ ही संस्था चपला चिकटवून, तासून त्यांचे हत्ती-जिराफ घडवते. फ्लिपफ्लॉपीच्या बाबतीत तळवे धुऊन, कापून, त्यांचे तुकडे नावेच्या अंगावर बसवले. लांबून रंगीत गोधडी पांघरल्यासारखी नाव दिसते, जवळ गेल्यावर एकेक तळवा ओळखू येतो.

बांधणीच्या दृष्टीनं या ३० हजार चपलांचं काम फारसं नाही. नाव त्यांच्याशिवायही तरंगली असती. सुतारकामाच्या शुद्धतेवर प्रेम करणाऱ्याला तो नुसता थाट वाटू शकतो. माझं मत तसं नाही. नाव बांधणं हे मोजक्या हातांचं काम आहे, तिथं शाळेतल्या पोराला वाकस देऊन चालत नाही. चपला वेचणं, धुणं, कापणं, रंग लावून मांडणं हे मात्र कुणालाही येतं. सामूहिक कामात दोन्ही थर लागतात: एक, जिथं कसब असल्याशिवाय प्रवेश नाही, आणि दुसरा, जिथं सगळ्यांना जागा आहे. हे दोन थर एकमेकांत मिसळले की काम बिघडतं. सगळ्यांना सगळं करू दिलं तर वस्तू कच्ची राहते, आणि तज्ज्ञांनीच सगळं केलं तर गावाला ती आपली वाटत नाही. इथं कणा सुतारांचा, कांती गावाची.

पाण्यावर

१५ सप्टेंबर २०१८ ला, जागतिक स्वच्छता दिनी, नाव पाण्यात उतरली. तरंगली. मग २४ जानेवारी २०१९ ला ती लामूहून दक्षिणेकडे निघाली. वेळ नेमकी होती: कास्काझीचे दिवस, वारा पाठीशी. वाटेत मालिंदी, वाटामू, किलिफी, मोंबासा अशा ठिकाणी थांबत, ५०० किलोमीटरांचा प्रवास करून ७ फेब्रुवारीला ती झांझिबारला पोचली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाची स्वच्छ समुद्राची मोहीम सोबत होती, आणि त्याच मार्चमध्ये नैरोबीला जगभरचे पर्यावरणमंत्री जमायचे होते.

प्रत्येक थांब्यावर शाळकरी मुलं, मच्छीमार, हॉटेलवाले, अधिकारी नावेवर चढत. रंगांमुळे माणसं जवळ येत. आणि मग बोलणं सुरू होई: ही कशाची आहे, कुठलं प्लास्टिक, किती. कचऱ्याबद्दलची भाषणं माणूस टाळतो, कारण त्यांत त्याला दोष दिलेला असतो. शीड उभारून आलेली नाव टाळता येत नाही. या प्रवासादरम्यान मोंबासातला, खाडीला लागूनच असलेला किबारानीचा कचरा डेपो बंद करण्याची घोषणा झाली, काही हॉटेलांनी एकदाच वापरायच्या प्लास्टिकला रजा देण्याचं जाहीर केलं. पुढे ५ जून २०२० पासून केनियानं राष्ट्रीय उद्यानं, संरक्षित किनारे आणि वनं यांत एकदाच वापरायचं प्लास्टिक आणायला मनाई केली. ही मनाई नावेमुळे झाली असं मी म्हणणार नाही. त्यामागं अनेकांचं बळ होतं, आणि नाव त्या वाऱ्याचा एक भाग होती.

मार्च २०२१ मध्ये तीच नाव जमिनीवरून व्हिक्टोरिया सरोवरात नेली. केनिया, युगांडा आणि टांझानिया या तिन्ही देशांचे काठ असलेलं हे आफ्रिकेतलं सर्वांत मोठं सरोवर. किसुमूहून निघून तिनं तिन्ही देशांचे काठ गाठले, आणि मागणी ठेवली की पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी एकत्रित कायदा करावा, कारण एका काठावर बंदी आणि दुसऱ्या काठावर मोकळीक असेल तर पाण्यात फरक पडत नाही.

हिशेब

२०१० साली जमिनीवरून समुद्रात गेलेलं प्लास्टिक ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन होतं, असा शास्त्रज्ञांचा अंदाज २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. यातला किमान आकडा धरला तरी दर मिनिटाला ९ टनांच्या आसपास. म्हणजे फ्लिपफ्लॉपीसाठी इतक्या माणसांनी वेचलेलं सगळं प्लास्टिक समुद्राला एक-सव्वा मिनिटात परत मिळतं. हा आकडा अशा प्रत्येक प्रकल्पाच्या दारावर लावला पाहिजे. नाव बांधून समुद्र स्वच्छ होत नाही, आणि तसा दावा करणाऱ्या कुठल्याही उपक्रमावर विश्वास ठेवू नये.

दुसरी शंका मला जास्त सतावते. प्लास्टिकची नाव उन्हात आणि लाटांत झिजते, आणि झिजून जे जातं ते सूक्ष्म कणांच्या रूपानं पाण्यातच जातं. बाहेरचे चपलांचे तुकडे तर त्याहून लवकर झिजणार. एका जनजागृतीच्या नावेपुरतं हे मान्य करता येईल, पण उद्या शेकडो मच्छीमारी होड्या अशा झाल्या तर उत्तर द्यावं लागेल. आज मात्र त्यांच्याऐवजी येत असलेली फायबरची होडी त्याहून वाईट आहे. ती झिजते तर आहेच, शिवाय तिचं राळ एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, त्यामुळे आयुष्य संपल्यावर तिचं फारसं काही करता येत नाही. आपल्या खाड्यांच्या काठांवर फुटक्या फायबरच्या होड्या उपड्या पडलेल्या दिसतात, त्या तशाच राहणार. प्लास्टिकच्या फळीची नाव निदान मोडून पुन्हा फळी होऊ शकते.

आणि किंमत. वेचणं, निवडणं, धुणं, वितळवणं, जाड फळी, जास्त खिळे. टाकाऊ माल फुकट मिळतो, म्हणून वस्तू स्वस्त पडेल असं ज्यांना वाटतं त्यांनी ही सगळी मजुरी मोजावी. पहिल्या नावेला देणग्या आणि मोठ्या संस्थांचा आधार मिळाला. पोटासाठी समुद्रात जाणाऱ्या माणसाला परवडेल अशी होडी करणं हा वेगळा प्रश्न आहे, आणि प्रकल्पातली माणसं त्याच प्रश्नाकडे वळली ही गोष्ट मला फार आवडते. लामूतच प्लास्टिक गोळा करून त्याच्या फळ्या करायचं केंद्र उभं राहिलं. तिथल्या मालाचं फर्निचर होतं. नावबांधणी शिकवायची शाळा सुरू झाली. इंग्लंडच्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठातल्या अभियंत्यांबरोबर प्लास्टिकच्या फळ्यांच्या ताकदीचा अभ्यास होऊ लागला, म्हणजे सुताराच्या नजरेनं ठरलेलं आता मोजूनही पाहिलं जातंय.

महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, देशभर एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, आणि तरी कोकणातल्या मच्छीमाराच्या जाळ्यात माशांबरोबर पिशव्या येतातच. त्या तो जाळ्यातून सोडवून परत पाण्यात टाकतो, कारण बंदरावर आणून द्यायची सोय किंवा मोबदला बहुधा नसतो. दुसरीकडे लाकडी होडी बांधणारे सुतार गावागणिक कमी होताहेत, आणि त्यांची मुलं रंधा सोडून दुसऱ्या नोकऱ्यांत गेली आहेत. एखाद्या बंदरानं या दोन गोष्टी एकत्र आणायच्या म्हटल्या तर पहिला खर्च शिल्पावर नको. आधी जाळ्यात आलेल्या प्लास्टिकला किलोमागे दर द्यावा, ते निवडणाऱ्या बायांना रोजंदारी द्यावी, आणि गावात उरलेल्या सर्वांत जाणत्या सुताराला वर्षभराचा पगार देऊन त्याच्या हाताखाली दोन पोरं द्यावीत. काय बांधायचं ते तोच सांगेल.